आयर्लंडच्या पडक्या चर्चमधले अक्षरं कोरलेले तुकडे: वाचायचे कसे, आणि ठसा घेतला तर चालतो का?

अथलोनकर:

नमस्कार मंडळी. इथे आयर्लंडमध्ये राहणारे बरेच जण आहेत आणि शिलालेखांचा नाद असलेलेही आहेत म्हणून इथेच विचारतोय. मी अथलोनला असतो, क्लोनमॅकनॉइज हा शॅनन नदीकाठचा जुना मठ आमच्यापासून अगदी जवळ, घरी पाहुणे आले की तिथे चक्कर होतेच. तिथल्या म्युझियममध्ये दगड भिंतीला ओळीने लावलेत, खाली लेबलं आहेत, माणूस लेबल वाचतो आणि पुढे सरकतो. पण मध्यंतरी आम्ही केअरचा किल्ला बघायला टिपररीकडे गेलो होतो तेव्हा वाट वाकडी करून टूरीन पीकॉनला गेलो आणि तिथून मी हलेचना, बायकोमुलं गाडीत जाऊन बसली तरी मी आपला भिंतीपाशीच.

बाराव्या शतकातलं छोटंसं चर्च आहे, छप्पर नाही, आत गवत, आणि आतल्या बाजूने भिंतीत दगडाचे तुकडेच तुकडे बसवलेत. काही तळहाताएवढे, काही वीत दीड वीत. बहुतेकांवर क्रॉस कोरलेला, आणि कित्येकांवर अक्षरं. एक तुकडा मी खूप वेळ बघत होतो, वालुकाश्म आहे, डाव्या अंगाला क्रॉसचा एकच हात उरलाय, त्याच्या खाली एक अक्षर धड, दुसऱ्याचं नुसतं पोट, तिसऱ्याची उभी रेघ, आणि तिथे दगड संपतो. रेघ इतकी उथळ आहे की ढग आला की अक्षर गायब आणि ऊन पडलं की परत दिसायला लागतं. बोर्डावर थोडी माहिती आहे पण कुठल्या तुकड्यावर काय लिहिलंय ते नाही.

तर माझे प्रश्न असे आहेत. एक म्हणजे यावर साधारण काय लिहिलेलं असतं आणि लिपी कुठली, कारण रोमन वाटते पण सरळ वाचता येत नाही. दुसरं म्हणजे हे एवढे फुटले कसे, मुद्दाम फोडलेत का. तिसरं, हे उघड्यावर पावसात का ठेवलेत. आणि चौथं, कॉलेजात असताना मी एका जाणकार सरांबरोबर फिरून शिलालेखांचे ठसे घ्यायला शिकलोय, वीरगळांमागे आणि गद्धेगाळांमागे बरीच गावं पालथी घातली आहेत, कागद ब्रश शाई सगळं इथे मिळेल, तर एखाद्या तुकड्याचा ठसा घेतला तर चालतं का? जाणकारांनी सविस्तर लिहा प्लीज, घाई नाही.

---

वैशाली_कॉर्क:

अरे वा, टूरीन पीकॉनबद्दल मराठीत कोणीतरी विचारतंय हे बघूनच बरं वाटलं! तिथे फार कोणी जात नाही, सगळे केअरहून थेट कॅशेलला पळतात. मी कॉर्कला आहे, मुन्स्टर म्हणजे दक्षिण आयर्लंड भागातले असे दगड बघत फिरणं हा माझा जुना नाद आहे, म्हणून लिपी आणि मजकूर याबद्दल लिहिते, बाकीचं इतर जण सांगतील.

लिपी रोमनच आहे पण आपण कॉम्प्युटरवर बघतो ती नाही. आयर्लंडच्या मठांमध्ये हस्तलिखितं ज्या गोल वळणाच्या अक्षरात लिहायचे ना, बुक ऑफ केल्स या प्रसिद्ध हस्तलिखिताचे फोटो बघितले असतील, तेच वळण दगडावर आलंय. त्यामुळे डी ची पाठ डावीकडे वाकलेली असते, टी च्या डोक्यावर आडवी रेघ आणि खाली गोलाई, आणि सगळ्यात जास्त घोळ एन, आर आणि एस या तिघांचा, कारण झिजलेल्या दगडावर ती अक्षरं एकमेकांसारखीच दिसतात आणि शंभर वर्षांपूर्वी एकाने वाचलेलं नाव दुसरा वेगळंच वाचतो. तुम्ही म्हणताय ती उभी रेघ यातल्या कशाचीही असू शकते, त्यामुळे नुसत्या वर्णनावरून मी अंदाज करणार नाही.

मजकुराचं म्हणाल तर हे थडग्यांवरचे दगड, त्यामुळे तो फार छोटा असतो. क्लोनमॅकनॉइजच्या दगडांवर सगळ्यात जास्त दिसतं ते "ओर दो" आणि पुढे नाव. ओर हे ओरोइतचं आखूड रूप, वर एक आडवी रेघ देतात म्हणजे शब्द तोडलाय हे कळतं. अमक्यासाठी प्रार्थना करा, बस्स. तारीख नाही, वय नाही, पदवी क्वचित. कधी बापाचं नाव येतं, तेही मॅक, म्हणजे मुलगा, याच्या जागी नुसतं एम. आणि भाषा लॅटिन नाही तर जुनी आयरिश, म्हणजे चर्चची भाषा बाजूला ठेवून लोकांच्या भाषेत विनंती केलीय, हे मला फार आवडतं. लिस्मोरला, वॉटरफर्ड जिल्ह्यात, कॅथीड्रलच्या भिंतीत असेच दगड बसवलेत, तिथे एकावर "बेन्दाख्त" असं सुरू होतं, मार्तानच्या आत्म्याला आशीर्वाद असो असा मजकूर आहे. टूरीनला मात्र बऱ्याच तुकड्यांवर नुसतं नाव आहे, कारण ते क्लोनमॅकनॉइजच्या बहुतेक दगडांपेक्षा जुने मानतात, सातव्या आठव्या शतकातले. तिथे एका दगडावर कुमेने आणि लादकेन अशी दोन नावं एकत्र आहेत.

आणि एका तुकड्यावर ओसगिद असं नाव आहे, ते आयरिश नाहीच, इंग्रजी वळणाचं आहे. म्हणजे टिपररीच्या डोंगराच्या कुशीतल्या या मठात समुद्रापलीकडून आलेलं कोणीतरी राहिलं आणि तिथेच मातीत गेलं. हे काही जगावेगळं नाही. बीड नावाच्या जुन्या इंग्रज मठवासी इतिहासकाराने आपल्या इतिहासात लिहिलंय की ६६४ च्या प्लेगच्या सुमारास कितीतरी इंग्रज माणसं, थोरामोठ्यांची आणि साधीही, शिकायला म्हणून आयर्लंडमध्ये येऊन राहिली होती आणि आयरिश लोक त्यांना जेवण, पुस्तकं आणि शिकवणी सगळं फुकट द्यायचे. हे वाचून मग तो तुकडा बघा, वेगळाच वाटतो.

तुम्ही टलिलीसला गेलात की नाही? कॉर्क जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे, तेही पडकं चर्च. तिथला बेरेख्तुनेचा दगड मी बघितलेल्यांत सगळ्यात देखणा. मधोमध क्रॉस, आत विणकामाच्या नक्षीने भरलेला, इंग्लंडमधल्या लिंडिसफार्न मठाच्या हस्तलिखितातल्या क्रॉसच्या पानाशी त्याचं इतकं जमतं की कारागिराने तसलं हस्तलिखित डोळ्यांनी बघितलेलं असणार. आणि खाली लॅटिनमध्ये लिहिलंय, जो कोणी हा लेख वाचेल त्याने बेरेख्तुनेसाठी प्रार्थना करावी. हेही इंग्रजच नाव. म्हणजे बाराशे वर्षांपूर्वी कोणीतरी थेट वाचणाऱ्याशी बोललंय, आणि आज आपण मुंबई पुण्याहून इकडे आलेली माणसं तिथे उभी राहून ते वाचतोय. मी धर्माने ख्रिश्चन नाही पण तिथे गेले की ते नाव मोठ्याने म्हणते. मागणं एवढंच आहे, ते पुरं करायला काय जातंय.

---

ठसेवाला_पुणे:

वैशालीताई, मस्त लिहिलंय. मी आयर्लंड बघितलेलं नाही पण ठशाबद्दल बोलू शकतो, कारण सह्याद्रीतल्या लेण्यांपासून देवळांच्या पायऱ्यांपर्यंत ठसे घेण्यात आयुष्य गेलंय म्हणा ना.

अथलोनकर, तुमच्या सरांनी शिकवलंच असेल पण बाकीच्यांसाठी लिहितो. दगड ब्रशने आणि पाण्याने स्वच्छ करायचा, ओला करायचा, त्यावर भिजवलेला कागद लावायचा, मग ब्रशने ठोकून ठोकून तो कागद अक्षरांच्या खाचेत बसवायचा, जरा सुकत आला की शाईचा बोळा वरून हलक्या हाताने थापायचा. खाच पांढरी राहते, बाकी काळं. फोटोत जे अक्षर दिसत नाही ते ठशात दिसतं हा माझा अनुभव आहे, आणि लेख वाचायला घरी टेबलावर निवांत मिळतो हे वेगळंच. लोक पीठ चोळतात, खडू फिरवतात, ते मात्र चूक आहे, कारण खडू फिरवणारा त्याला दिसतं तेच अक्षर ठळक करतो आणि मग फोटोत पुढच्या सगळ्यांना तेच दिसतं. ठसा तसा खोटं बोलत नाही. त्यामुळे माझं मत, काळजीपूर्वक घेतला तर ठशाने काही होत नाही. तिकडे कोणी असं केलेलंच नाही का आजवर?

---

संवर्धन_डब्लिन:

ठसेवाला काका, तुमच्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो, इथे ठसा घेऊ नका. मी डब्लिनमध्ये जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, चुन्याचा गिलावा, दगडी भिंती, हेच रोजचं, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर, की कोणी केलंय का. केलंय, आणि त्याचा फार मोठा उपयोग झालाय. क्लोनमॅकनॉइजला जो उंच क्रॉस आहे, क्रॉस ऑफ द स्क्रिप्चर्स म्हणतात तो, त्याच्या बुडाशी लेख आहे पण तो इतका झिजलाय की लोकांचं त्यावर एकमत होत नव्हतं. १९८० च्या सुमारास एका शिल्पकाराने कागद लावून घासून त्याच्या प्रती घेतल्या आणि त्यातून फ्लॅन राजा आणि कोलमान मठाधिपती ही नावं पक्की धरता आली. फ्लॅन सिना हा ८७९ ते ९१६ राज्य करून गेला, आणि या दोघांनी मिळून तिथलं मोठं दगडी चर्च ९०९ साली बांधल्याची नोंद जुन्या वर्षनोंदींमध्ये आहे, त्यामुळे क्रॉससुद्धा त्याच काळातला हे ठरलं. एका घासलेल्या कागदाने केवढं काम केलं बघा. म्हणजे पद्धत वाईट आहे असं मी म्हणतच नाहीये.

पण सह्याद्रीतला बेसॉल्ट वेगळा आणि हा वालुकाश्म वेगळा. बेसॉल्ट ब्रशचे ठोके सहन करतो. या इथल्या पातळ स्लॅब थरांच्या असतात, वरून धड दिसतात पण आत पापुद्रा सुटलेला असतो, हिवाळ्यात पाणी आत शिरतं, गोठतं, फुगतं आणि थर उचलतं. बोटाने हळूच टकटक केलं तर पोकळ आवाज येतो असे दगड मी बघितलेत (तेही करू नका, मला कामाचा भाग म्हणून करावं लागतं). त्यावर ओला कागद ठोकला आणि काढताना पापुद्रा कागदाबरोबर आला तर ते अक्षर जगातून गेलं. शिवाय वर दगडफूल वाढलेलं असतं, ते खरवडलं की खालचा दगडाचा कणही निघतो, म्हणून तारेचा ब्रश, साबण, ॲसिड, काही म्हणजे काही लावायचं नाही.

आणि कायदा आहेच. १९३० पासूनचा राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आहे, त्यात वेळोवेळी भर पडली, २०२३ मध्ये नवीन कायदा झाला तो टप्प्याटप्प्याने लागू होतोय. सरकारच्या ताब्यातल्या स्मारकाला हात लावायचा तर परवानगी लागते. पडक्या चर्चच्या आवारात गवतात एखादा सुटा तुकडा दिसला, त्यावर अक्षर असलं, तरी तो उचलायचा नाही, घरी तर अजिबात न्यायचा नाही. जागेवरच फोटो काढा, शेजारी मोजायला पट्टी किंवा नाणं ठेवा, फोनवर लोकेशन घ्या आणि लगेच नॅशनल मॉन्युमेंट्स सर्व्हिसला किंवा नॅशनल म्युझियमला कळवा. ते लोक खरंच उत्तर देतात. मेटल डिटेक्टर घेऊन तर जाऊच नका, विनापरवाना तो गुन्हाच आहे इथे.

मग वाचायचं कसं? उजेडाने. अथलोनकर, तुम्हीच लिहिलंय की ढग आला की अक्षर जातं आणि ऊन आलं की दिसतं, तेच तर सगळं गमक आहे. समोरून फ्लॅश मारला की दगड सपाट दिसतो. टॉर्च दगडाच्या कडेला, अगदी पृष्ठभागाला लागून तिरका धरायचा म्हणजे प्रत्येक खाचेत सावली पडते. वरून छत्री किंवा काळं कापड धरलं की दिवसाही जमतं. कॅमेरा ट्रायपॉडवर तसाच ठेवून टॉर्च डावीकडून, उजवीकडून, वरून, खालून फिरवायचा आणि दरवेळी फोटो घ्यायचा, कारण उभी रेघ आडव्या उजेडात दिसते आणि आडवी रेघ वरच्या उजेडात, एकाच बाजूने घेतलं तर अर्धं अक्षर हरवतं. याच्या पुढची पायरी म्हणजे फोटोंवरून थ्रीडी मॉडेल. दगडाभोवती फिरत, एका फोटोचा मोठा भाग पुढच्या फोटोत येईल असे भरपूर फोटो घ्यायचे, बाकी सॉफ्टवेअर करतं. मग घरी बसून स्क्रीनवर पाहिजे त्या कोनातून उजेड टाका. डब्लिनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीजने ओगम, म्हणजे रेघांच्या जुन्या आयरिश लिपीतल्या, दगडांची अशी थ्रीडी मॉडेल्स ऑनलाइन ठेवलीत, फुकट बघायला मिळतात, जरूर बघा. दगडाला कागदाचासुद्धा स्पर्श नाही.

---

ठसेवाला_पुणे:

पापुद्र्याचा मुद्दा मान्य. आमच्याकडेही चुनखडीच्या दगडावर मी कधी ठोकत नाही. थ्रीडीचं शिकायचंच आहे मला, इथली तरुण मुलं करतात, बघतो. पण फुटले कसे हे कोणीच सांगितलं नाही अजून.

---

सुनीता_गॉलवे:

फुटण्याबद्दल मी सांगते. लोकांना वाटतं व्हायकिंग आले आणि फोडून गेले, आणि नंतर इंग्रज. त्यात तथ्य आहे, १५५२ मध्ये अथलोनच्या इंग्रज शिबंदीने क्लोनमॅकनॉइज लुटून नेलं ते कायमचंच. पण थडग्याचे दगड लुटून कोणाला काय मिळणार? जास्त नुकसान शांतपणे झालंय. हे दगड मुळात जमिनीवर आडवे ठेवलेले असायचे. त्याच पवित्र जागेत, संताच्या जवळ, आपल्यालाही पुरावं अशी सगळ्यांची इच्छा, त्यामुळे शेकडो वर्षं त्याच त्याच मातीत खड्डे खणले गेले, जुना दगड आडवा आला की तो फुटला, बाजूला पडला, पुन्हा पुरला गेला. मग बाराव्या शतकात आणि नंतर चर्च बांधताना, वाढवताना, हाताशी आयता चपटा दगड आहे म्हटल्यावर तो भिंतीत गेला, उंबऱ्याला गेला. भिंत पडली की अक्षर परत उजेडात. क्लोनमॅकनॉइजला थडग्यांच्या अशा दगडांची आणि तुकड्यांची संख्या ७०० च्या वर आहे, पश्चिम युरोपात एका जागी एवढे कुठेच नाहीत, आणि त्यातले कितीतरी असेच नवीन कबरी खणताना सापडलेत.

एकोणिसाव्या शतकात अजून वेगळा त्रास सुरू झाला. सहलीला येणारे लोक तुकडे घेऊन जायचे. १८६० च्या दशकात बर गावाकडून आलेल्या एका सहलीतल्या लोकांनी तिथे तोडफोड केली तेव्हा किलकेनीच्या पुरातत्त्व मंडळाने चक्क कोर्टात केस केली होती. एका खासगी मंडळाने, त्या काळात! मला त्या लोकांबद्दल फार आदर वाटतो.

आणि जॉर्ज पेट्रीबद्दल लिहायलाच पाहिजे. चित्रकार माणूस, १८२२ मध्ये क्लोनमॅकनॉइजला जाऊन बसला आणि दिसतील ते लेख असलेले दगड त्याने चित्रात उतरवले. कॅमेरा नव्हताच. त्याच्या मृत्यूनंतर मार्गारेट स्टोक्स या बाईंनी ती सगळी चित्रं नीट संपादित करून १८७२ ते १८७८ मध्ये दोन खंडांत छापली. पुढे मॅकॅलिस्टर या पुरातत्त्व अभ्यासकाने १९०९ मध्ये पुन्हा यादी केली, तोवर पेट्रीने काढलेले बरेच दगड गायब झालेले किंवा आणखी फुटलेले. म्हणजे आज कित्येक नावं फक्त पेट्रीच्या पेन्सिलीमुळे आपल्यापर्यंत आलीत. अथलोनकर, तुम्ही काढाल तो फोटो नुसता "हौसेचा" आहे असं समजू नका, तारीख आणि जागा लिहून ठेवा, पन्नास वर्षांनी तोच पुरावा असेल.

आमच्या बाजूचेही दोन सांगते. ॲरनच्या मोठ्या बेटावर, इनिश मोरला, सात चर्च म्हणून जागा आहे, तिथे एका दगडावर लिहिलंय "सात रोमन". एवढंच. ते रोमहून आलेले होते की रोमच्या पद्धतीने ईस्टर पाळणारे होते यावर लोक अजून वाद घालतात. आणि शॅनन नदीवरच्या लॉक डर्ग तळ्यात इनिश केल्ट्रा बेट आहे, माउंटशॅननहून बोटीने जातात, तिथे एका दगडावर "दहा जणांची समाधी" असं कोरलंय. ते दहा जण कोण, एकदम कसे गेले, साथ आली की लढाई झाली, काही लिहिलेलं नाही. त्याच बेटावर एका क्रॉसवर काथसख या माणसासाठी प्रार्थना आहे आणि त्याला आयर्लंडचा मुख्य वडीलधारा म्हटलंय, तो ११११ मध्ये वारला. मोठ्या माणसाला अशी पदवी, आणि शेजारी दहा बिननावाचे. मी त्या दहांच्या दगडापाशी जास्त वेळ थांबते.

आता माझं एक ठाम मत. हे दगड जिथे आहेत तिथेच राहावेत. म्युझियममध्ये नेलं की ते "वस्तू" होतात. क्लोनमॅकनॉइजचे तीन उंच क्रॉस नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला आत हलवले आणि बाहेर प्रतिकृती उभ्या केल्या, मला त्या प्रतिकृतीपाशी काही वाटत नाही.

---

संवर्धन_डब्लिन:

सुनीताताई, इथे मी वेगळं बोलणार. ते क्रॉस आत आणले नसते तर फ्लॅनचं नाव आज आहे तेवढंही उरलं नसतं. पाऊस, वारा, दगडफूल, पर्यटकांचे हात, मिळून दरवर्षी थोडं थोडं जात होतं. आणि "जिथे आहेत तिथेच" म्हणताना आपण नक्की कुठली जागा म्हणतोय? टूरीनचे तुकडे भिंतीत आहेत ती त्यांची मूळ जागा नाहीच, विसाव्या शतकात जागा साफ करताना जे सापडले ते सुरक्षित राहावेत म्हणून भिंतीत बसवले. कुठला दगड कुठल्या कबरीवरचा हे तेव्हाच हातातून गेलं. त्या काळी असे दगड सिमेंटमध्ये बसवायची पद्धत होती, आणि सिमेंट दगडापेक्षा कडक, पाणी बाहेर सोडत नाही, मग ओल दगडातूनच बाहेर पडते आणि क्षार घेऊन येते, म्हणजे वाचवायला केलं तेच कधी कधी दगडाला खातं. आज बसवायचे असते तर चुन्यात बसवले असते, काढता येतील असे.

माझं म्हणणं, लहान तुकडे ज्यांचे पापुद्रे सुटतायत ते आत न्यावेत, तेही जवळच्या गावात, डब्लिनच्या गोदामात नाही. मोठे धडधाकट बाहेर राहू देत, पण वर छोटं छप्पर हवं.

---

सुनीता_गॉलवे:

गावात ठेवा म्हणता त्याला माझी हरकत नाही. गोदामाला आहे. गोदामात गेलेला दगड कोण वाचणार? छप्पर घाला, कुंपण घाला, पण शेतातल्या वाटेने चालत जाऊन एखाद्याला तो भेटला पाहिजे, जसा अथलोनकरांना भेटला.

---

अथलोनकर:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. ठशाचा विषय बंद, टॉर्च आणि ट्रायपॉड घेऊन जाणार. काल लगेच क्लोनमॅकनॉइजला जाऊन आलो आणि या वेळी लेबल न वाचता आधी दगड वाचायचा प्रयत्न केला. "ओर दो" ओळखता आलं! वरची आखूड रेघ पण दिसली. एका दगडावर दानिएल असं नाव स्वच्छ वाचलं आणि एकावर तुअथल, त्याच्या नावापुढे कारागीर असं लिहिलंय. अजून एक विचारायचं होतं, ही नावं खरी कोणाची ते कधी कळतं का? म्हणजे जुन्या नोंदींशी जुळवता येतं का?

---

वैशाली_कॉर्क:

व्वा, तुअथल कारागीर सापडला तुम्हाला! तो माझा आवडता आहे, राजा नाही, मठाधिपती नाही, हाताने काम करणारा माणूस आणि त्याच्यासाठीही प्रार्थना मागितलीय, तीही कामाच्या ओळखीने.

जुळवता येतं पण फार जपून. वर्षनोंदी भरपूर आहेत, क्लोनमॅकनॉइजमध्ये तर लिखाणाची परंपराच होती, पण नावं तीच तीच. कोलमान नावाची माणसं तर इतकी आहेत की नुसतं कोलमान लिहिलेला दगड कुठल्याही शतकात बसवता येईल, आणि जुन्या संशोधकांनी कधी कधी तसं केलंही. मग त्या एका दगडाच्या तारखेवरून तसल्याच क्रॉसच्या इतर दगडांना तारखा दिल्या, पाया कच्चा असेल तर सगळंच हलतं. एका कोलमानच्या दगडावर मात्र गंमत आहे, नाव गोल अक्षरात आणि पुढे "बोख्त" म्हणजे गरीब हा शब्द ओगममध्ये, म्हणजे त्या जुन्या रेघांच्या लिपीत, कोरलाय. दोन्ही लिप्या जाणणारा कोणीतरी होता. बापाचं नाव असेल किंवा असं काही विशेषण असेल तरच थोडा भरवसा ठेवायचा.

सगळ्यात पक्कं उदाहरण सुव्नेचं. पेट्रीने त्याचा दगड काढलाय, त्यावर सुव्ने, माएल उमाचा मुलगा, असं बापासकट नाव आहे. आणि अल्स्टरच्या वर्षनोंदींमध्ये ८९१ ला नोंद आहे की क्लोनमॅकनॉइजचा एकांतवासी आणि उत्तम लेखनिक सुव्ने, माएल उमाचा मुलगा, वारला. एवढ्यावर थांबत नाही. तिकडे इंग्लंडमध्ये अँग्लो-सॅक्सन वर्षनोंदीत त्याच सुमारास लिहिलंय की तीन आयरिश माणसं वल्ह्याविना होडीत बसून, देव नेईल तिकडे जायचं म्हणून निघाली आणि आल्फ्रेड राजाकडे पोहोचली, आणि पुढे लगेच, आयरिश लोकांतला सगळ्यात मोठा शिक्षक सुव्ने वारला. बहुधा त्या तिघांनीच ती बातमी नेली असावी असं लोक म्हणतात. तर शॅननकाठच्या एका शिक्षकाच्या मृत्यूची नोंद समुद्रापलीकडच्या राजाच्या दरबारात झाली, आणि त्याच्या स्वतःच्या गावात त्याच्यासाठी दगडावर काय कोरलं, तर फक्त नाव. त्या काळच्या लोकांना तेवढं पुरेसं वाटत होतं.

आणि जिथे नोंद जुळत नाही तिथेही वाईट वाटून घेऊ नका. आर्मा जिल्ह्यात किलनासॅगर्टला एक उंच खांब उभा आहे, त्यावर अख्खं वाक्य आहे, तेर्नोकने ही जागा संत पीटरच्या रक्षणाखाली दिली, आणि तेर्नोकचा मृत्यू आठव्या शतकाच्या सुरुवातीला नोंदलेला आहे, म्हणून तो खांब साधारण ७०० सालचा धरतात. असे ठोकताळे बसणारे दगड मोजकेच. बाकी शेकडो नावांची माणसं आपल्याला कधीच कळणार नाहीत, तरी नाव वाचता आलं तर वाचावं.

---

अथलोनकर:

सुव्नेचं वाचून अंगावर काटा आला. ताई, टलिलीसला जायचं ठरवलंय, मुलांनाही नेतो. उजेडासाठी कधी जावं?

---

वैशाली_कॉर्क:

बेरेख्तुनेचा दगड चर्चच्या आत आहे त्यामुळे नुसत्या उन्हावर अवलंबून राहू नका, टॉर्च न्याच, आणि आभाळ भरलेलं असेल तर उलट बरं, टॉर्चचा उजेड जास्त उठून दिसतो. लेख खालच्या भागात उजव्या बाजूला आहे, मुलांना आधी नक्षी बघू दे आणि मग टॉर्च डावीकडून अगदी सपाट धरा. गमबूट घाला, गवत ओलं असतं. वाटेतलं फाटक उघडलंत तर मागे बंद करा, आसपास गुरं असतात. दगडाला हात लावू नका हे मुलांना गाडीतच सांगून ठेवा. बाकीचे छोटे तुकडेही तिथे आहेत, ते बघितल्याशिवाय निघू नका, आणि फोटो इथे टाका, तेव्हा वाचायला बसू सगळे मिळून.